चष्म्याचं घर

‘बघ्या’ हे नाव मी ठेवलं, आणि चांगल्या अर्थानं नव्हे. रस्त्यात दोन सायकली एकमेकींवर आदळल्या की एक जण मदतीला धावतो आणि वीस जण नुसते उभे राहतात. त्या विसांतला जो असतो तो बघ्या. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा साठी उलटल्यावर उतारावरची दीड एकर जमीन घेऊन तिथे वर्षभर नुसता उभा राहिला, तेव्हा मला दुसरं नाव सुचलं नाही. त्याला मात्र ते आवडलं. वहीच्या पहिल्या पानावर त्यानं ते लिहून टाकलं. बोलताना मी त्याला अहो-जाहो करायची, बहिणीचा नवरा म्हणून. मनातून मात्र अरे-तुरेच, आणि कागदावरही तेच ठेवते. आता तो तक्रार करायला नाही.

पेशानं तो चष्मेवाला. बाजारात एका दगडी जिन्याखाली त्याचं दुकान होतं, इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मालकाला बाहेर यावं लागतं, असं माझी बहीण म्हणायची. चाळीस वर्षं त्यानं माणसांच्या नाकावर ती तपासणीची जड चौकट बसवली, तिच्यात एकामागून एक काचा सरकवल्या आणि एकच प्रश्न विचारला : “हे बरं, की हे?” गिऱ्हाईक गोंधळलं की पुन्हा पहिली काच. “सावकाश. हे बरं, की हे?” मी त्याच्या जागी असते तर तिसऱ्या काचेला गिऱ्हाइकाच्या हातात चौकट देऊन सांगितलं असतं, घरी जा आणि ठरवून या.

दुकानाच्या वर दोन खोल्या आणि एक गॅलरी. त्या गॅलरीत धाकटी दरवर्षी घेवडा लावायची. आमच्या आईचा घेवडा. आईकडे तो कुठून आला ते आईलाही ठाऊक नव्हतं. दाणा पांढरा, आणि एका अंगाला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. प्रत्येक दाण्यावरचा डाग वेगळा. लहानपणी आम्ही दोघी ओट्यावर बसून त्या डागांत चित्रं शोधायचो. धाकटीला बदक दिसायचं, टोपी घातलेला म्हातारा दिसायचा. मला डाग दिसायचा.

आई गेल्यावर बी धाकटीकडे गेलं, ते बरोबरच झालं. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि बी जपण्याच्याही नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पस्तीस वर्षं, आणि गॅलरीत कोरफडीपलीकडे काही जगवलं नाही. धाकटी बी ठेवायची ते चष्म्याच्या घरात. दुकानात जुनी घरं ढिगानं पडलेली असत. आतून मखमल, झाकण टपकन मिटणारं, ओल शिरायची सोय नाही. “ताई, चष्मा फुटतो, घर टिकतं,” असं ती म्हणायची. वरच्या फळीवर घरांची रांग, प्रत्येकावर वर्षाची चिठ्ठी.

जमिनीचं वेड मुळात तिचं. कुठल्याशा मासिकात तिनं पर्माकल्चरवर लेख वाचला आणि तेव्हापासून माझ्या कानाला चैन राहिलं नाही. म्हणे जमिनीला नांगर लावायचा नाही, उघडं ठेवायचं नाही, एका झाडाचा कचरा दुसऱ्याचं जेवण, न्हाणीचं पाणी फळझाडाला. मी म्हटलं, “यात नवीन काय? याला आळशी माणसाची शेती म्हणतात.” ती हसली. दुकान विकायचं, गावाबाहेर थोडी जमीन घ्यायची आणि आईचा घेवडा खऱ्या मातीत लावायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. मग तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि चार महिन्यांत ती गेली. त्या वर्षीच्या शेंगा तिनंच सोलल्या होत्या, अंथरुणात बसून. एका घराचं झाकण मिटेना इतके दाणे निघाले, म्हणून दोन घरं भरली.

सगळ्यांना वाटलं, जमिनीचा विषय संपला. आठ महिन्यांनी त्यानं दुकान विकलं, दहा दिवसांचं एक शिबिर केलं आणि ही जमीन घेतली. पत्र्याच्या दोन खोल्या, एक हातपंप, आणि बाकी उतार. माझ्या घरापासून बसनं पाऊण तास. मी दर गुरुवारी जायला लागले. तो काय खातो-पितो ते पाहायला, असं सांगायची. खरं म्हणजे धाकटीशी बोलायचं तर दुसरं कोणी उरलं नव्हतं.

पहिल्या गुरुवारी तो कुंपणाशी उभा होता. मी विचारलं, “काय चाललंय?”

“बघतोय.”

“काय बघताय?”

“पाणी कुठून जातं ते.”

“पाऊस नाहीये.”

“म्हणूनच. वाळल्यावर खुणा दिसतात.”

पुढच्या गुरुवारी तो ऊन बघत होता. त्याच्या पुढच्या गुरुवारी तण. शिबिरात शिकवलं होतं म्हणे, पहिलं वर्ष काही लावायचं नाही, जमिनीची चाल बघायची. सकाळी सावली कुठे असते, वारा कुठून येतो, कुठल्या कोपऱ्यात कुठलं तण आपणहून येतं. हे सगळं तो वहीत लिहायचा, चष्म्याचे नंबर लिहायचा तशाच बारीक अक्षरांत. मी म्हटलं, “अहो, जमीन काय गिऱ्हाईक आहे? किती दिवस काचा बदलणार?”

“ती अजून सांगत नाहीये, हे बरं की ते,” तो म्हणाला.

पलीकडच्या बांधावर एक बाई शेळ्या पाळायची. उंच, दणकट, आवाज हातपंपासारखा. ती याला चष्मेकाका म्हणायची आणि मला बाई. मी काही विचारायच्या आधी तिनंच मला विचारलं, “बाई, काकांना काही झालंय का? रोज सकाळी खुर्ची घेऊन वेगळ्याच जागी बसतात. माझ्या शेळ्या घाबरतात.”

“त्याला शिक्षण म्हणतात,” मी सांगितलं.

“मग माझी बोकडं पदवीधर आहेत,” ती म्हणाली. माझं तिचं त्या दिवसापासून जमलं.

वर्ष संपल्यावर तो कामाला लागला. दोन वासे आणि एक आडवी पट्टी जोडून त्यानं इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट केली, मधून दोरीला दगड लोंबता सोडला. दगड मध्यावर आला की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत. असा एकेक पाय पुढे टाकत, खुंट्या ठोकत तो उतारावरून आडवा चालायचा. “काका, झोपाळा कुणासाठी?” शेळीवाली ओरडायची. खुंट्यांच्या रेषेवर त्यानं चर खणले, वाकडेतिकडे, नदीसारखे. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी पाणी चरात थांबलं. वाहून जाणारं पाणी तिथे थांबून जिरलं. मी काही बोलले नाही. माझ्यासारखीनं न बोलणं ही शाबासकीच असते.

तिसऱ्या वर्षी घेवड्याचा प्रश्न आला. म्हणजे मीच आणला.

घेवड्याचं बी तीन-चार वर्षं जोरात असतं, मग मंदावतं. तीन वर्षं होत आली होती. तो म्हणत होता, यंदा दहा दाणे लावू, पुढच्या वर्षी बाकीचे. जमीन अजून हलकी आहे, झाकायला पाचोळा पुरेसा नाही. पाचोळा आपल्याच जमिनीतला पाहिजे. बाहेरचं आत आणायचं नाही, आणलंच तर त्याची सात पिढ्यांची चौकशी करायची.

“दहा?” मी म्हटलं. “तिनं अंथरुणात बसून सोललेत ते. डबीत मरायला? सगळे लावा. पाचोळ्याचं मी बघते.”

‘बघते’ म्हटलं मी. तो शब्द मला अजून ऐकू येतो.

गावाबाहेर घोड्यांचा तबेला होता, हौशी लोकांना घोड्यावर बसायला शिकवणारा. तिथे गवत आणि लीद यांचा डोंगर साचलेला, ते लोक न्या म्हणून मागे लागलेले. पुढच्या गुरुवारी मी बसनं न जाता टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेले, मागे तो डोंगर. कुजून काळं झालेलं, वाफाळणारं सोनं. मी स्वतःवर खूश होते.

त्यानं एक मूठ उचलली, वास घेतला, खिशातून भिंग काढून बघितली. “ताई, हे गवत कुठल्या कुरणातलं? त्यावर काही मारलंय का?”

“घोडे खातात ते.”

“खातात. पण काही मारलंय का?”

“अहो, घोड्याला चालतं ते तुमच्या घेवड्याला चालत नाही? राजघराण्यातला आहे का तो? मी रसायनशास्त्राची पदवीधर बाई तुम्हाला सांगतेय.”

त्यानं भिंग खिशात टाकलं. धाकटीच्या थोरल्या बहिणीला त्यानं कधी नाही म्हटलं नव्हतं. संध्याकाळच्या बसआधी आम्ही तिघांनी, म्हणजे तो, मी आणि शेळीवालीनं, तीन चरांच्या काठांवर ते वीतभर जाड पसरलं.

पेरणीच्या आदल्या गुरुवारी आणखी एक गोष्ट झाली. मला वाटलं, ती अगदी किरकोळ. मी वर्तमानपत्र हात लांब करून वाचत होते. त्यानं आतून चौकट आणि काचांची पेटी आणली. “ताई, बसा.”

“माझा नंबर वाढलेला नाही.”

“बसा तर. हे बरं, की हे?”

मी वैतागून काहीबाही उत्तरं दिली. तरी त्यानं नंबर काढला, बाजारातल्या जुन्या दोस्ताकडून चष्मा करवून घेतला आणि पेरणीच्या सकाळी माझ्या हातात चष्म्याचं घर ठेवलं. निळं, दुकानातलं जुनं. “घरी गेल्यावर उघडा. नीट बघा.”

“इथेच बघते की.”

“नको. घरी, निवांत.”

मी ते पिशवीत टाकलं. मग आम्ही पेरलं. मी मोजत नव्हते, पण दोन्ही घरं त्यानं माझ्यादेखत उपडी केली. काठ्या रोवल्या, दोऱ्या बांधल्या. घरी गेल्यावर मी निळं घर टेबलाच्या खणात सरकवलं. न उघडता. आपला नंबर वाढलाय हे कबूल करायला मला मुहूर्त सापडत नव्हता, एवढंच.

आठव्या दिवशी घेवडा उगवला. मान वाकवून मातीतून वर येतो ना, तसा, रांगेनं. बघ्यानं मला कोपर धरून चराच्या काठी नेलं आणि उभा राहिला. डोळे पुसावे म्हणून चष्मा काढला आणि चष्माच पुसला.

पुढच्या गुरुवारी पहिली पानं रुंद आणि चांगली होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी तो दारात उभा नव्हता. चराशी उकिडवा बसला होता, डोळ्याला भिंग. नवी पानं पेल्यासारखी वळली होती. कडा आत, शिरा जवळजवळ आलेल्या, शेंडे पिळलेले. तीन चरांवर सगळीकडे तेच. टोमॅटोचंही तेच. मधे त्यानं चार ओळी मका लावला होता, तो मात्र ताठ आणि हिरवागार.

मी म्हटलं पाणी जास्त झालं. मग म्हटलं खत कडक होतं. मग म्हटलं रोग, मावा, आणखी काय काय. मक्याकडे मी बघितलं, पण विचार केला नाही. गवताच्या जातीचं जगतं आणि रुंद पानांचं मरतं, याचा एकच अर्थ होतो. पस्तीस वर्षं मुलींना निरीक्षण आणि अनुमान शिकवलं मी. फळ्यावर दोन रकाने आखून.

महिन्याभरात सगळं वाळलं. काठ्या आणि दोऱ्या राहिल्या. एकाही वेलीला फूल आलं नाही.

तबेल्यात मी गेले ती एकटी. तिथला माणूस घोड्याचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होता. मी विचारल्यावर खूर न सोडता म्हणाला, “हो बाई, कुरणात दरवर्षी दोनदा तणनाशक मारतो ना. काटेरी तण फार येतं. गवताला काही होत नाही, घोड्याला काही होत नाही. तसंच्या तसं लिदीतून बाहेर पडतं.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बागेला नेलं होतं काय? तुम्ही विचारलं नाहीत.”

मी विचारलं नव्हतं. एका वाक्याचा प्रश्न होता. तो बघ्यानं मला दोनदा विचारला होता, आणि मी तो पुढे न्यायचा सोडून राजघराण्याचा विनोद केला होता.

तीन गुरुवार मी त्याला सांगितलं नाही. जायची, चहा करायची, हवेबद्दल बोलायची आणि परत यायची. चौथ्या गुरुवारी त्यानं ओसरीवर दोन कुंड्या मांडल्या होत्या. दोन्हींत बाजारातल्या साध्या घेवड्याची रोपं. एकीतली पानं सरळ, दुसरीतली पेल्यासारखी.

“ताई,” तो म्हणाला, “हे बरं, की हे?”

“कशात काय घातलंय?”

“या कुंडीत बांधापलीकडची माती. आणि हिच्यात आपली.” त्यानं ‘आपली’ म्हटलं. ‘तुमचं गवत’ म्हटलं नाही. “जमीन शुद्ध झाली की नाही ते कळायचा हाच उपाय. घेवडा लावून बघायचं. घेवड्याला सगळ्यात आधी कळतं.”

मी तबेल्यातलं सगळं सांगितलं, भराभर, बातमी वाचावी तसं. माफी मागितली नाही. मला ती मागता येत नाही, हा काही गुण नव्हे. तो ऐकत होता. मग म्हणाला, “माझ्याकडून राहिलं. मी नीट बघायला हवं होतं.” शेळीवालीलाही त्यानं हेच सांगितलं, शिबिरातल्या लोकांनाही हेच. वहीत मी नंतर वाचलं : ‘गवत बाहेरचं. चौकशी अपुरी. चूक माझी.’ कुठून आलं, कोणी आणलं, याचा एक शब्द नाही.

त्याच दिवशी, मी निघताना, बसच्या थांब्यापर्यंत तो आला. बस वळणावर दिसल्यावर म्हणाला, “ताई, तो चष्मा बघितलात का?”

मला कानकोंडं झालं. एवढं झाल्यावर, याचा घेवडा मारल्यावर, याचा चष्माही मी उघडला नाही हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून मी म्हटलं, “बघितला. छान आहे. घरी वापरते.”

“आणि... बरोबर सगळं नीट होतं ना? घरात?”

“सगळं नीट आहे,” मी म्हटलं. मला वाटलं, घर म्हणजे माझं घर.

त्याचा चेहरा असा उजळला की मी चमकले. महिनाभर त्याच्या खांद्यावर जे बसलं होतं ते उतरलं. “मग काळजी नाही,” तो म्हणाला. “मग काहीच काळजी नाही. बरं केलंत तुम्ही. गॅलरीत ऊन येतं ना, सकाळचं?”

“येतं.”

“पाणी बेताचं घाला.”

मला वाटलं कोरफडीबद्दल बोलतोय. वयानं भरकटतो माणूस. मी बसमध्ये चढले.

त्यानंतरची चार वर्षं मी त्याला खूश पाहिलं, आणि मला त्याचा रागच यायचा. धाकटीचं शेवटचं बी मातीत गेलं, आणि हा शीळ घालत मका कापतोय! तबेल्याचं गवत त्यानं खरवडून एका कोपऱ्यात ढिगारा केला, चरांवर मका आणि गवत लावलं, आणि दर महिन्याला दोन कुंड्या. पहिल्या वर्षी पानं वळायची. दुसऱ्या वर्षी कमी वळली. फटकळ बोलायची सवय असलेली मी एकदा बोलून गेले, “आता शुद्ध होऊन तरी काय लावणार? बाजारातलं?”

त्यानं माझ्याकडे बघितलं, जरा मिस्कील. “बघू या. तुम्ही म्हणाल तेव्हा.”

“मी काय म्हणणार?”

“तुम्ही म्हणाल तेव्हा,” तोच सूर. मला फार उशिरा कळलं, त्याला वाटत होतं की मी मुद्दाम गंमत करतेय. इतकं बी साठवून, एक दिवस पिशवीतून काढून समोर ठेवणार आहे. मला तसं सुचलं असतं, असं त्याला वाटलं, हेच मला सहन होत नाही. माझ्या घरी तो कधी आला नाही. तिसरा मजला, आणि त्याच्या छातीला जिने मना होते. आला असता तर गॅलरीत बघून त्याला दोन मिनिटांत कळलं असतं.

चौथ्या वर्षाच्या हिवाळ्यात दोन्ही कुंड्यांतली पानं सारखी आली. सपाट, रुंद, हाताच्या पंजासारखी. त्यानं दोन्ही माझ्यासमोर धरल्या. “हे बरं, की हे?”

“दोन्ही सारखीच,” मी म्हटलं.

“सारखीच!” आणि तो माझ्याकडे बघत राहिला. वाट बघत. मी चहा ओतला आणि म्हटलं, “चला, एकदाची ब्याद गेली.” त्यानं कुंड्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, “पेरणीला अजून दोन महिने आहेत,” आणि चहा घेतला.

दोन महिने त्याला मिळाले नाहीत. तीन आठवड्यांनी शेळीवालीचा फोन आला, सकाळी. “बाई, काका खुर्चीत आहेत. चराशी. मी हाक मारली, मला वाटलं बघतायत.”

जमीन आता शेळीवाली सांभाळते आणि मी गुरुवारी जाते. चर बुजू दिलेले नाहीत. नांगर लावलेला नाही. ती म्हणते, “बाई, तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता, मी खऱ्या हाकते,” आणि माझं सगळं ऐकते.

तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी माझा जुना चष्मा फरशीवर पडून फुटला. दुसऱ्याची काडी मोडकी, तिसरा नाही. तेव्हा खण ओढला. निळं घर, झाकण टपकन उघडलं. आत चष्मा. चष्मा उचलला तर खाली पुसायचं पिवळं फडकं, नेहमीपेक्षा फुगलेलं. फडक्यात दाणे. पांढरे, चहा सांडलेले. अकरा. आणि नंबर लिहायच्या कागदावर बारीक अक्षरं. मला ती वाचता येईनात, म्हणून मी तोच चष्मा लावला. एकदम लख्ख दिसलं सगळं.

‘ताई, तुम्ही रागावाल म्हणून डबीत घालतोय. सगळे एका जागी पेरायला मन होत नाही. हे तुमच्या गॅलरीत लावा, यंदाच. ती गेल्यावर तुमच्याकडे आईचं काही नाही. — बघ्या.’

मी दाणे फडक्यात ठेवून एकेक फिरवून बघत होते. एकावर खरंच बदक होतं. चोच, मान, सगळं. साठ-पासष्ट वर्षं उशीर झाला, पण दिसलं.

मग मी रसायनशास्त्राची पदवी बाजूला ठेवली आणि जे करायचं ते सावकाश केलं. दाणे आठ वर्षांचे झाले होते. आधी सहा घेतले. कोमट पाण्यात भिजवले, ओल्या फडक्यात गुंडाळले, सकाळ-संध्याकाळ फडकं उलगडलं. पाचव्या दिवशी ते बुळबुळीत झाले, सातव्या दिवशी वास आला. उरलेले पाच मी बघ्याच्या ओसरीवर नेले, त्याच्या चराची माती, त्याचीच कुंडी. नवव्या दिवशी माती हलल्यासारखी वाटली. मी काडीनं अलगद उकरलं. चार मऊ पडलेले. एकाची साल फाटली होती आणि आतून पांढरं टोक बाहेर आलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. ज्याच्यावर बदक होतं तोच दाणा, असं लिहिलं तर गोष्ट बरी दिसेल. पण डाग ओळखू येत नव्हता.

दोन दिवस ते टोक तेवढंच राहिलं. मी त्याचं भिंग घेऊन, नाकावर त्यानं केलेला चष्मा घालून, खुर्ची ओढून कुंडीशी बसले. गुरुवार नसताना राहिले तिथे. तिसऱ्या दिवशी टोक तपकिरी झालं.

शेळीवाली कुंपणावरून वाकली. “बाई, सकाळपासून हललेल्या नाहीत. काही आलं का?”

“नाही.”

“मग एवढं काय बघताय?”

“चष्मा बरोबर आहे का ते,” मी म्हटलं.

ती शेळ्यांना हाकारत बांधाच्या कडेनं गेली. नंबर अगदी बरोबर होता. दाण्याची फाटलेली साल, त्यातलं ते वाळलेलं टोक आणि त्याला चिकटलेला मातीचा कण, सगळं स्वच्छ दिसत होतं.